विदर्भाच्या उन्हाळ्यात चाल्कोन: कृती, चुका आणि उपयोग

असिटोफेनोन आणि बेंझाल्डिहाइड यांच्यापासून चाल्कोन हे पिवळे स्फटिकरूप संयुग तयार करण्याची कृती पुस्तकात जेमतेम अर्ध्या पानात मावते आणि ती चुकीचीही नसते. मात्र ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वीस-बावीस अंशांची खोली, हाताशी बर्फ आणि नळाला गोडे पाणी असते. आमच्याकडे उन्हाळी परीक्षेची प्रात्यक्षिके सुरू होतात तेव्हा बाहेर पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असतो, कूलर वीज असेपर्यंतच चालतो आणि टाकीत बोअरचे पाणी असते. अशा प्रयोगशाळेत हीच कृती जशीच्या तशी केली तर कधी चिकट तेल हाती येते, कधी पिवळा चिखल, आणि विद्यार्थ्याला वाटते की आपलेच काही चुकले. तालुक्याच्या ठिकाणी अनेक वर्षे हा प्रयोग करून घेतल्यानंतर जे बदल उपयोगी पडले, ते येथे कारणांसह लिहिले आहेत.

ज्या अल्कीनच्या (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या संयुगाच्या) दुहेरी बंधाशेजारी इलेक्ट्रॉन ओढून घेणारा गट असतो, अशा संयुगांच्या कुळातलेच चाल्कोन आहे. नायट्रोअल्कीन हे त्याचे चुलतभावंड. तेथे कार्बॉनिलच्या (दुहेरी बंधाने जोडलेल्या कार्बन-ऑक्सिजन गटाच्या) जागी नायट्रो गट असतो आणि ते संयुग बेल्जियन रसायनशास्त्रज्ञ लुई हेन्री यांनी १८९५ साली वर्णिलेल्या अभिक्रियेतून पाण्याचा रेणू बाहेर पडून मिळते. दोघांचा स्वभाव सारखा असला तरी पदवीच्या वर्गासाठी मी नायट्रोअल्कीन सुचवत नाही. त्यांपैकी अनेक संयुगे डोळ्यांतून घळाघळा पाणी काढतात आणि त्वचेची आग करतात. शिवाय नायट्रोमिथेनचे सोडियम लवण कोरडे पडले तर स्फोटाचा धोका असतो. ज्या प्रयोगशाळेत धुराडी कपाट म्हणजे खिडकीजवळचे टेबल, तेथे हा धोका पत्करण्याचे कारण नाही. दुहेरी बंधाचे सारे शिकण्यासारखे गुण चाल्कोनमध्येही आहेत.

या अभिक्रियेला क्लायझेन-श्मिट संघनन म्हणतात; ती १८८० च्या सुमारास पुढे आली. 'चाल्कोन' हे नाव कोस्टानेकी आणि टांबोर यांनी १८९९ साली दिले. त्याचे मूळ तांबे किंवा कासे या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे, आणि नुकतेच गाळलेले ओले चाल्कोन पाहिले की नाव का पडले ते वेगळे सांगावे लागत नाही.

आत काय घडते

असिटोफेनोनच्या मिथिल गटावरचा हायड्रोजन कार्बॉनिलच्या शेजारामुळे किंचित आम्लधर्मी झालेला असतो. सोडियम हायड्रॉक्साइड तो काढून घेते आणि इनोलेट आयन तयार होतो. बेंझाल्डिहाइडला असा हायड्रोजनच नाही, त्यामुळे ते स्वतः इनोलेट होऊ शकत नाही. ते फक्त इनोलेटचा हल्ला झेलते. हल्ल्यानंतर जो हायड्रॉक्सी-कीटोन तयार होतो तो फार काळ टिकत नाही, कारण पाणी बाहेर पडले की दुहेरी बंध, कार्बॉनिल आणि दोन्ही बेंझिन वलये एका सलग संयुग्मित साखळीत येतात आणि रेणूला मोठी स्थिरता मिळते. दोन कार्बॉनिल संयुगे एकत्र असूनही एकच मुख्य पदार्थ मिळतो, तो या कामाच्या वाटणीमुळे: एकाकडे हायड्रोजन आहे पण त्याचा कार्बॉनिल मंद आहे, दुसऱ्याकडे हायड्रोजन नाही पण त्याचा कार्बॉनिल चपळ आहे. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

आदल्या दिवशी करायची कामे

पहिले काम बेंझाल्डिहाइड तपासण्याचे. बाटलीच्या बुचाभोवती पांढरी पापडी जमलेली दिसली तर ते बेंझोइक आम्ल आहे असे समजावे. बेंझाल्डिहाइड हवेतील ऑक्सिजनने आपोआप ऑक्सिडीभूत होते आणि आमच्या उष्ण भांडारखोलीत ते अधिकच लवकर होते. हे आम्ल अभिक्रियेतील सोडा (येथे सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड) खाऊन टाकते, आणि मग विद्यार्थी दोन तास ढवळत बसतो तरी द्रव पिवळा होण्यापलीकडे काही घडत नाही. उपाय सोपा आहे. लागेल तेवढे बेंझाल्डिहाइड विलगकारी नरसाळ्यात घेऊन १० टक्के सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने फसफस थांबेपर्यंत दोन-तीनदा धुवावे, वायू बाहेर जाण्यासाठी तोटी मधूनमधून उघडावी, नंतर शुद्ध पाण्याने धुवून निर्जल सोडियम सल्फेटवर कोरडे करावे. ऊर्ध्वपातन करता आले तर उत्तमच, पण त्याचा उत्कलनांक १७९ अंश आहे आणि साध्या प्रात्यक्षिकासाठी एवढा खटाटोप नसला तरी चालतो. धुतलेले बेंझाल्डिहाइड मात्र त्याच आठवड्यात वापरावे.

असिटोफेनोनचा द्रवणांक २० अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी बाटलीत बर्फासारखा पांढरा गोळा दिसतो आणि नवे विद्यार्थी बाटली बिघडली म्हणून बाजूला ठेवतात. बाटली कोमट पाण्यात उभी करावी. दहा मिनिटांत पदार्थ पूर्ववत होतो. पूर्ण वितळल्याखेरीज मात्र मोजू नये.

पाण्याची बाब आमच्या भागात विशेष आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे आणि बोअरचे पाणी क्षारांनी भरलेले असते. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड टाकताच कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साक्यासारखे खाली बसतात. हा साका नंतर चाल्कोनबरोबर गाळणकागदावर येतो, स्पिरिटमध्ये विरघळत नाही आणि उतारा, म्हणजे मिळालेल्या पदार्थाचे वजन, फुगवून दाखवतो. त्यामुळे द्रावण करण्यासाठी आणि शेवटच्या धुण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे. पाणी पुरेसे नसेल तर पहिली दोन धुणी टाकीच्या पाण्याने चालतील, शेवटचे नाही.

बर्फासाठी आम्ही रसवंतीवाल्याकडे सांगून ठेवतो. गोणपाटात गुंडाळलेली अर्धी लादी चार गटांना पुरते.

प्रत्यक्ष कृती

एका गटासाठी प्रमाण असे: सोडियम हायड्रॉक्साइड २.२ ग्रॅम, ऊर्ध्वपातित पाणी २० मिली, रेक्टिफाइड स्पिरिट १२ मिली, असिटोफेनोन ५.२ ग्रॅम म्हणजे सुमारे ५ मिली, आणि बेंझाल्डिहाइड ४.६ ग्रॅम म्हणजे सुमारे ४.४ मिली. दोन्ही कार्बॉनिल संयुगांचे मोलांतील प्रमाण समान, ०.०४३ मोल, आहे. बेंझाल्डिहाइड 'थोडे जास्त असू द्या' असा सल्ला वर्गात फिरत असतो, तो मानू नये. उरलेले बेंझाल्डिहाइड चाल्कोनला तेलकट करते आणि त्याचा कडू बदामासारखा वास शेवटपर्यंत जात नाही.

सोडा पाण्यात टाकावा आणि हळूहळू टाकावा. द्रावण चांगलेच गरम होते. पावसाळ्यात सोड्याच्या गोळ्या तराजूवरच ओल्या होऊ लागतात, म्हणून त्या चटकन तोलाव्यात. चष्मा घातल्याखेरीज हे काम कोणालाही करू देऊ नये, कारण सोड्याचा थेंब डोळ्यात गेला तर आम्लापेक्षाही वाईट इजा होते. तसे झाल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरून सरळ दवाखाना गाठावा. द्रावण गार झाल्यावर शंकुपात्रात घेऊन त्यात स्पिरिट मिसळावे आणि पात्र पाण्याच्या टोपल्यात ठेवावे.

या अभिक्रियेला १५ ते ३० अंश तापमान मानवते. त्याहून वर गेले की आनुषंगिक अभिक्रिया वाढतात आणि पदार्थ तेलासारखा सुटतो; फार खाली नेले तर अभिक्रिया रेंगाळते. उन्हाळ्यात टोपल्यात माठाचे पाणी घ्यावे. मे महिन्यातली आमची हवा इतकी कोरडी असते की माठातले पाणी खोलीच्या तापमानापेक्षा बरेच खाली उतरते, आणि वर बर्फाचे दोन खडे टाकले की तापमान सहज २५ अंशांवर येते. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असल्याने माठाचा एवढा उपयोग होत नाही, पण तेव्हा त्याची तेवढी गरजही नसते.

टोपले २५ अंशांवर आले की आधी असिटोफेनोन घालावे, मग ढवळत राहून बेंझाल्डिहाइड. पहिल्या काही मिनिटांत द्रव फिकट पिवळा आणि गढूळ होतो. त्यानंतरचा क्षण विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावा: पात्राच्या भिंतीवर तेलाचे बारीक थेंब दिसू लागतात, काचकांडीने भिंत घासली की घासलेल्या रेघेवरच स्फटिक धरतात, आणि तेथून ते संपूर्ण द्रवात पसरतात. मागच्या वर्षीच्या शुद्ध चाल्कोनचा कणभर भाग बीज म्हणून टाकला तर हे फार लवकर होते. अशी एक छोटी कुपी मी कपाटात कायम ठेवतो. घरात विरजण जपावे तशी ती जपावी लागते.

ढवळणे दोन ते तीन तास चालावे. चुंबकीय ढवळणी असेल तर प्रश्न नाही, पण वीज गेल्यास पात्राला बूच लावून दर पाच-सात मिनिटांनी जोरात हलवावे. उतारा थोडा कमी येतो, पण प्रयोग फसत नाही. मिश्रण इतके घट्ट झाले की ढवळता येत नाही, म्हणजे काम झाले. शक्य असल्यास पात्र रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावे.

गाळणे आणि धुणे

बुकनर नरसाळ्यावर निर्वाताने गाळावे आणि धुणी लिटमसला उदासीन होईपर्यंत गार पाण्याने धुवावे. येथे आमच्या पाण्याने एकदा मोठी फजिती केली होती. एका तुकडीने आठ-दहा वेळा धुतले तरी लाल लिटमस निळाच होत राहिला. सगळे वैतागले, बर्फ संपला, आणि शेवटी कोणीतरी टाकीचे पाणीच लिटमसवर टाकून पाहिले तर तेच अल्कधर्मी निघाले. तेव्हापासून धुण्याआधी पाणी तपासण्याची सवय लावली आहे. शेवटी बर्फात गार केलेल्या दोन मिली स्पिरिटने एकच धुणे द्यावे. अधिक स्पिरिट घेतले तर चाल्कोन त्याबरोबर निघून जाते. चाल्कोनने काहींच्या त्वचेला खाज सुटते आणि पुरळ येते, म्हणून हातमोजे असावेत. अल्कधर्मी गाळीव द्रव सौम्य आम्लाने उदासीन करून टाकाऊ द्रवाच्या डब्यात टाकावा. प्रयोगशाळेमागच्या नालीत सोडू नये.

पुनर्स्फटिकीकरणात बहुतेकांचा घात होतो तो एकाच कारणाने. शुद्ध चाल्कोनचा द्रवणांक ५५ ते ५७ अंश आहे, आणि अशुद्धाचा त्याहून कमी. स्पिरिट उकळायला ठेवून त्यात पदार्थ टाकला तर तो विरघळण्याआधीच वितळतो, तळाशी तेल बसते आणि गार झाल्यावर त्याचा दगड होतो. म्हणून प्रत्येक ग्रॅमला सुमारे ५ मिली स्पिरिट घ्यावे, ते ५० अंशांपर्यंतच तापवावे, चाल्कोन विरघळू द्यावे आणि द्रावण आपल्या गतीने गार होऊ द्यावे. तापवण्यासाठी गरम पाण्याचे टोपले वापरावे. स्पिरिटमधल्या इथेनॉलचा भडकबिंदू १४ अंशांच्या जवळपास आहे. म्हणजे आमच्या खोलीत, पंखा चालो वा न चालो, स्पिरिटच्या उघड्या पात्रावर पेट घेणारी वाफ नेहमीच असते. त्या टेबलावर बर्नर किंवा स्पिरिटचा दिवा असता कामा नये.

वाळवण्याबद्दल स्वतःचीच चूक सांगतो. शिकवायला लागल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी विद्यार्थ्यांचे नमुने वॉच ग्लासवर ठेवून गच्चीच्या कठड्यावर उन्हात मांडले. ऊन एवढे असताना डेसिकेटर (ओलावा शोषून घेणारे बंद काचपात्र) कशाला, असा माझा हिशोब होता. अर्ध्या तासाने पाहिले तेव्हा अकरा काचांवर पिवळे तेल होते आणि बाराव्या नमुन्यावर मुंग्या होत्या. तापलेल्या सिमेंटवर ५५ अंश ही काही मोठी गोष्ट नाही. चाल्कोन सावलीत, गाळणकागदाच्या दोन पदरांत दाबून आणि नंतर डेसिकेटरमध्ये वाळवावे.

सैद्धांतिक उतारा सुमारे ९ ग्रॅम आहे. शुद्ध पदार्थ साडेसात ग्रॅमच्या आसपास मिळाला तर काम उत्तम झाले. सहा ग्रॅम मिळाले तरी विद्यार्थ्याला नावे ठेवू नयेत. नऊच्या वर वजन भरले तर मात्र त्यात पाणी, सोडा किंवा खारपाणपट्टा आहे.

मिळाले ते चाल्कोनच आहे का

द्रवणांक थिएल नळीत पाहताना उन्हाळ्यात एक अडचण येते: द्रव पॅराफिन आधीच ४० अंशांच्या वर असतो, त्यामुळे नेहमीसारखी आच दिली तर ५५ अंश कधी ओलांडले ते कळतही नाही. मिनिटाला एक अंशापेक्षा जास्त वेग नसावा. पातळ थर वर्णलेखनासाठी हेक्झेन आणि इथिल ॲसिटेट ९ : १ प्रमाणात घ्यावे आणि २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली पाहावे, सुरुवातीच्या दोन्ही पदार्थांचे ठिपके शेजारी लावल्याशिवाय त्या पट्टीला अर्थ नाही. टोलेन्सच्या द्रावणाने (अल्डिहाइड ओळखण्याच्या चांदीच्या द्रावणाने) आरसा पडला तर बेंझाल्डिहाइड उरलेले आहे.

नमुना विद्यापीठात वर्णपटासाठी पाठवता आला तर तीन गोष्टी शोधाव्यात. अवरक्त वर्णपटात असिटोफेनोनचा कार्बॉनिल १६८५ प्रति सेंटिमीटरच्या आसपास दिसतो, तो चाल्कोनमध्ये संयुग्मनामुळे १६६० च्या जवळ उतरतो. प्रोटॉन एनएमआरमध्ये (हायड्रोजन अणू दाखवणाऱ्या चुंबकीय वर्णपटात) असिटोफेनोनच्या मिथिलचे २.६ पीपीएमचे शिखर नाहीसे झालेले असावे. आणि ७.५ व ७.८ पीपीएमच्या आसपास, बेंझिनच्या गर्दीत अर्धवट लपलेल्या, दोन दुहेरी रेषा दिसाव्यात, ज्यांचे अंतर सुमारे १५.७ हर्ट्झ भरते. दोन्ही हायड्रोजन दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूंना आहेत, हे या एका आकड्यावरून कळते.

दुसऱ्या रेणूंसाठी बदल

असिटोफेनोनऐवजी २-हायड्रॉक्सी असिटोफेनोन घेतले तर फिनॉलचा हायड्रोजन आधी सोडा खातो, त्यामुळे अल्क बराच जास्त लागतो. मिश्रण गडद नारिंगी-लाल होते. ते चाल्कोनचे लवण असते. ते बर्फ आणि हायड्रोक्लोरिक आम्लावर ओतले की ठसठशीत पिवळा पदार्थ सुटतो. त्याचा द्रवणांक ९० अंशांच्या थोडा खाली असल्याने उन्हाळ्यात तोच अधिक सोयीचा ठरतो. असिटोनच्या एका मोलला बेंझाल्डिहाइडचे दोन मोल दिले तर डायबेंझालअसिटोन मिळते, द्रवणांक ११० अंश. उकळत्या स्पिरिटमधूनही ते सरळ स्फटिकरूप होते. एप्रिल-मेमध्ये नवख्या तुकडीला मी तेच देतो. घनरूप अल्डिहाइड असतील तर सोड्याबरोबर खलात घोटूनही काम होते आणि विजेची वाट पाहावी लागत नाही.

उपयोग

चाल्कोनमधला दुहेरी बंध साध्या अल्कीनसारखा वागत नाही. कार्बॉनिल इलेक्ट्रॉन ओढत असल्याने कार्बॉनिलपासून दूरचा कार्बन उपाशी राहतो आणि तेथे केंद्रकस्नेही, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊ पाहणारा गट, येऊन बसतो. आर्थर मायकेल यांनी १८८७ साली या प्रकारचे संयोग दाखवले म्हणून त्यांना मायकेल संयोग म्हणतात. नायट्रोअल्कीनही हेच करतात, आणि अधिक जोराने. फिनिलहायड्राझिनबरोबर चाल्कोनचे ट्रायफिनिल-पायराझोलीन तयार होते, जे अतिनील दिव्याखाली निळे चमकते. फिनिलहायड्राझिन विषारी असल्याने हा प्रयोग शिक्षकानेच करून दाखवावा. २-हायड्रॉक्सी असिटोफेनोनपासून मिळालेल्या चाल्कोनपासून आयोडीन आणि डायमिथिल सल्फॉक्साइड वापरून फ्लेव्होन मिळतो, आणि अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइडने फ्लेव्होनॉल.

वनस्पती चाल्कोन बनवण्याचे काम चाल्कोन सिंथेस नावाच्या विकराने करतात. १९९० साली अमेरिकेतील संशोधकांनी पेट्युनियाचा जांभळा रंग गडद करण्यासाठी या विकराचे जास्तीचे जनुक घातले, तर काही फुले उलट पांढरी झाली. जनुकांचे आवाज बंद पाडणाऱ्या यंत्रणेच्या शोधातला तो एक सुरुवातीचा धागा होता. आमच्याकडे फाल्गुनात माळरान पेटल्यासारखे दिसते ते पळसामुळे, आणि पळसाच्या फुलांतील ब्युटीन हे चार हायड्रॉक्सी गट असलेले चाल्कोनच आहे. धुळवडीसाठी फुले उकळताना त्यात चिमूटभर चुना टाकला की रंग खुलतो, यामागे अल्काने फिनॉलचे लवण होणे आणि फुलांतल्या फ्लेव्हॅनोन या चाल्कोनच्या वलयबंद भावंडाचे वलय उघडून चाल्कोन होणे, हीच दोन कारणे आहेत. करडईच्या पाकळ्यांतील तांबडा कार्थामिनही चाल्कोनच्याच चौकटीतून घडतो.

औषधांत सोफाल्कोन जपानमध्ये जठरव्रणावर वापरले गेले आहे. प्रकल्पासाठी विद्यार्थी बहुधा जंतुविरोधी चाचणीच मागतात, तेव्हा एक सावधगिरी सांगावीशी वाटते. चाल्कोन हा मायकेल स्वीकारक असल्याने प्रथिनांतील सल्फर-हायड्रोजन गटांना तो सरसकट चिकटू शकतो; त्यामुळे आगर थाळीवर जंतूंभोवती स्वच्छ वर्तुळ दिसले म्हणून ते औषध ठरत नाही. फक्त द्रावक टाकलेली थाळी आणि माहीत असलेले प्रतिजैविक टाकलेली थाळी शेजारी ठेवावी, आणि दुहेरी बंध हायड्रोजनाने भरलेले डायहायड्रोचाल्कोनही तपासावे. त्याचेही वर्तुळ तेवढेच आले तर परिणाम दुहेरी बंधाचा नाही, आणि मग प्रकल्प खऱ्या अर्थाने सुरू होतो.